चौथा टरेट

गेल्या नौदल दिनी, म्हणजे 4 डिसेंबरला, पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या जलतरण तलावाकाठी जमलेल्या पाहुण्यांसमोर मी स्वतः बांधलेली युद्धनौका चालवून दाखवण्यास नकार दिला. रेडिओवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती बांधणे हा माझा व्यवसाय आहे. ठरलेले काम ठरलेल्या दिवशी करून न देण्याची वेळ माझ्यावर यापूर्वी आलेली नव्हती. त्या दिवशीचा निर्णय हिशेबाने बरोबर होता याविषयी मला शंका नाही. तरीही त्या समारंभाला मुद्दाम आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे पूर्ण उत्तर मला अजून देता आलेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नौका होती आयएनएस दिल्ली. 'अकिलीस' या नावाने ती 1933 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली, 13 डिसेंबर 1939 रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढली, आणि 5 जुलै 1948 रोजी भारतीय नौदलाकडे आली. 1961 मध्ये दीव मुक्त करण्याच्या कारवाईत तिच्या तोफा वाजल्या आणि 1978 मध्ये ती निवृत्त झाली. हिची चालती प्रतिकृती करण्याची कल्पना संस्थेच्या ज्या समितीला सुचली, तिचे मला मनापासून कौतुक वाटले होते. विक्रांत सर्वांना ठाऊक असते, दिल्ली फार थोड्यांना आठवते.

आम्ही 1:72 हे प्रमाण घेतले. मूळ नौका सुमारे 169 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद, म्हणजे प्रतिकृती जवळजवळ 2.35 मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम 237 मिलिमीटर. वजन मात्र लांबीच्या हिशेबाने उतरत नाही, ते घनाच्या हिशेबाने उतरते. साडेनऊ हजार टनांना 72 च्या घनाने भागले की साडेपंचवीस किलो येतात, आणि नौका आपल्या खऱ्या पाणरेषेवर तरंगायची असेल तर सांगाडा, मोटारी, बॅटऱ्या, रंग आणि शेवटचा खिळासुद्धा धरून तेवढेच वजन भरले पाहिजे. त्यामुळे या कामात काट्याचे महत्त्व करवतीपेक्षा जास्त असते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेला मरीन प्लाय कापून फ्रेमा उभ्या केल्या, त्यावर पट्ट्या चढवल्या, फायबरग्लासचे कापड इपॉक्सीने बसवले. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत इपॉक्सीवर एक चिकट, मेणचट थर धरतो. तो कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच घासायचा असतो. हा थर तसाच ठेवून रंग मारला तर तो पुढे पापुद्र्यांनी सुटतो.

मला अभिमान आहे तो चार शाफ्टांचा, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांचा. मूळ नौकेला चार पंखे होते. बहुतेक प्रतिकृतिकार अशा वेळी दोन पंखे चालते ठेवतात आणि दोन शोभेला जोडतात. आम्ही चारही चालते केले. बाहेरचे दोन शाफ्ट तळातून बरेच पुढे बाहेर पडतात आणि मोकळ्या पाण्यातून ब्रॅकेटांच्या आधाराने मागे जातात. त्यांचा कोन आणि आतल्या दोघांचा कोन वेगळा असतो. बोहरी आळीतून आणलेल्या पितळी नळ्यांमध्ये पाच मिलिमीटरचे स्टेनलेस दांडे, दोन्ही टोकांना बुश आणि मध्ये ग्रीस अशी रचना केली. नळ्या कायमच्या बसवण्याआधी मोटारीच्या जागेपासून पंख्यापर्यंत एकच लांब दांडा आरपार ओवून पाहिला, आणि तो बोटाने फिरवल्यावर कुठेही न अडकता आपोआप थांबेपर्यंत इपॉक्सी ओतले नाही. माझा सहकारी आयटीआयमधून फिटर होऊन आलेला आहे. एक शाफ्ट केसभर वाकडा आहे हे त्याने दांड्याला कान लावून ओळखले, आणि ती नळी आम्ही पुन्हा बसवली. डावीकडचे पंखे एका दिशेने आणि उजवीकडचे विरुद्ध दिशेने फिरत असल्यामुळे पूर्ण वेगातही ती सरळ रेषा धरून चालत असे.

नौका लहान करता येते, पाणी आणि वारा लहान करता येत नाहीत. अरुंद युद्धनौकेची प्रतिकृती म्हणूनच कलण्याच्या बाबतीत अवघड असते. नौकेचा गुरुत्वमध्य आणि तिचा मेटासेंटर (कललेल्या नौकेला वर उचलणाऱ्या पाण्याच्या जोराची रेषा तिच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू) यांतील उभे अंतर जितके जास्त, तितकी ती कलल्यावर जोराने सरळ होते. हे अंतर मोजण्याची रीत जुनी आहे आणि खऱ्या गोदीतही तीच वापरतात. ठरावीक वजन नौकेच्या मध्यावरून ठरावीक अंतर बाजूला सरकवायचे आणि ती किती कलली ते ओळंब्याने मोजायचे. मुळशीकडच्या एका शेततळ्यात मी दोनशे ग्रॅमचे वजन शंभर मिलिमीटर सरकवले तेव्हा चाळीस सेंटिमीटर लांबीच्या ओळंब्याचे टोक सोळा मिलिमीटर हलले. याचा अर्थ ते अंतर वीस मिलिमीटर भरले, आणि मला तेवढेच हवे होते. तळाशी कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही अंगांना शिशाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या होत्या. याच अवस्थेत नौका समारंभाच्या काही दिवस आधी संस्थेकडे पोहोचवली.

त्याआधीच टरेटवरून, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजांवरून, वाद झाला होता. समितीने आंतरजालावरून जो आराखडा काढला होता तो 1939 सालच्या 'अकिलीस'चा होता, आणि त्यात सहा इंची तोफांचे चार जुळे टरेट होते. भारताकडे आलेल्या नौकेवर तीनच होते. 5 जानेवारी 1943 रोजी ग्वाडलकनालजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या वरच्या टरेटवर पडला, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत इंग्लंडमध्ये तो टरेट काढून त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या. 'दिल्ली' हे नाव लिहायचे असेल तर चौथा टरेट लावता येणार नाही, हे मी छायाचित्रांसह समितीला दाखवले. एका सदस्याचे म्हणणे पडले की पाहणाऱ्याला चार बघायला बरे वाटतील, आणि फरक कोणाला कळणार आहे. इतिहासाच्या नावाने खर्च करायचा आणि इतिहास सांगितला की तो सोयीचा नाही म्हणायचे, ही वृत्ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिच्याशी जुळवून घेणे मला जमत नाही. मी तीनच टरेट लावून नौका दिली.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा तिच्यावर चार टरेट होते. संस्थेने दरम्यान एका सजावटकाराला बोलावले होते. त्याच्या हाताला दाद दिलीच पाहिजे. पितळेचे भरीव टरेट, माझ्या हलक्या डोलकाठ्यांच्या जागी उभ्या केलेल्या पितळी डोलकाठ्या, त्यांवर बारीक तारांचा संभार, हे सगळे डाख देऊन इतके स्वच्छ जोडले होते की सांधे शोधावे लागत होते. पण हा माणूस काचेच्या पेटीत ठेवायच्या वस्तू करणारा होता, त्याने पाण्यावर कधी काही सोडलेले नव्हते. तोफांचा आवाज यावा म्हणून ब्रिजच्या, म्हणजे नौका जिथून हाकतात त्या वरच्या कक्षाच्या, आत एक स्पीकरही बसवला होता. एकूण सव्वा किलोच्या आसपास वजन वर चढले होते. त्यामुळे नौका थोडी खाली बसली, तेव्हा त्याने जवळजवळ तेवढेच शिसे तळातून काढून टाकले, डेकवरचे झाकण सिलिकॉनने बंद केले आणि त्यावरून तारा ओवल्या. सव्वा किलोने ही नौका फार तर तीन मिलिमीटर खाली जाते. पाणरेषेवरचा लाल पट्टा तेवढे तीन मिलिमीटर जास्त दिसावा म्हणून तळाचा भार काढला गेला होता.

तलावात पायऱ्यांजवळ नौका दोरीने बांधून ठेवलेली होती. कोणीतरी तिला हाताने हलवले आणि ती सावकाश, भारदस्तपणे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला डोलू लागली. समितीचे सदस्य खूश झाले. अगदी खऱ्या जहाजासारखा डौल आला आहे, असे ते म्हणाले. बघणाऱ्यांना जो डौल वाटतो तोच या कामात धोक्याचा पहिला इशारा असतो. शेततळ्यात तिचे एक डोलणे सव्वा सेकंदात पूर्ण होत होते, आता त्याला दोन सेकंदांच्या जवळपास लागत होते. ती कलल्यावर टोकाला क्षणभर रेंगाळत होती. पेटीतून ओळंब्याची चौकट काढून मी डेकवर ठेवली, तेच दोनशे ग्रॅमचे वजन तेवढेच शंभर मिलिमीटर सरकवले आणि पाणी शांत होण्याची वाट पाहिली. ओळंब्याचे टोक सोळाऐवजी छत्तीस मिलिमीटरवर स्थिरावले. वीस मिलिमीटरचे अंतर नवाच्या खाली उतरले होते.

कार्यक्रम असा होता की नौकेने पूर्ण वेगाने व्यासपीठासमोरून जायचे आणि तलावाच्या टोकाला वळून परत यायचे, आणि तिचा रेडिओ नियंत्रक प्रमुख पाहुण्यांच्या हाती द्यायचा. तिचा पूर्ण वेग सेकंदाला जवळजवळ दोन मीटर आहे. तलाव साडेबारा मीटर रुंद असल्याने वळण तीन मीटर त्रिज्येत घ्यावे लागले असते, आणि माझ्या हिशेबाने त्या वळणात ती तीस अंशांच्या पुढे कलली असती. मागच्या डेकची कड वीस अंशांच्या आतच पाण्याखाली जाते. ब्रिजभोवती स्पीकरच्या वायरींसाठी पाडलेली भोके उघडी होती. आत शिरलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि उरलेली स्थिरताही खाते, त्यानंतर नियंत्रकावर काहीही दाबून उपयोग नसतो. सिलिकॉन कापून तळात प्रयोगशाळेतली वजने ठेवू देण्याची मी विनंती केली. त्यासाठी वरच्या तारा तोडाव्या लागणार होत्या. निदान चौथा टरेट आणि स्पीकर काढू द्या, असेही म्हणालो. पाहुण्यांसमोर मोडकी नौका ठेवायची नाही, असे अध्यक्षांनी सांगितले. तेव्हा मी सांगितले की या अवस्थेत मी ती चालवणार नाही आणि नियंत्रकही कोणाला देणार नाही. बॅटऱ्यांची बाहेरची चावी काढून मी खिशात ठेवली. भाषणे झाली, नौका पायऱ्यांजवळ बांधलेलीच राहिली, छायाचित्रे काढली गेली. मला जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहिण्यासारखे नाही, आणि उरलेली रक्कम अद्याप मिळालेली नाही.

ज्या गृहस्थांचा मी वर उल्लेख केला, ते साठच्या दशकात दिल्लीच्या इंजिनरूममध्ये काम करत होते. वय ऐंशीच्या पुढे. संस्थेने त्यांचा सत्कार ठेवला होता. मी ओळंबा लावण्यापूर्वीच ते काठीच्या आधाराने काठाशी आले होते आणि तिचे डोलणे पाहत होते. "ही परत यायला वेळ लावते आहे," ते म्हणाले, "वर फार ओझं झालंय हिच्या." मग टरेटकडे पाहून म्हणाले, "आणि हा कुठून आला? आमच्या वेळी इथे नव्हता." त्या सगळ्या परिसरात नौकेकडे नौका म्हणून पाहणारा तो एकच माणूस होता. मी त्यांना ओळंब्याचे आकडे सांगितले आणि त्यांनी मान डोलावली.

समारंभ संपल्यावर मात्र त्यांनी मला थांबवून विचारले, "अहो, दोनच पंख्यांवर, अगदी हळू, एकदा सरळ रेषेत नेऊन आणली असतीत तर काय बिघडलं असतं?"

हिशेबापुरते उत्तर असे की फारसे बिघडले नसते. हळू आणि सरळ चालताना नौका कलत नाही. वारा नव्हता, आणि वळण न घेता उलट पंख्यांवर तिला मागे आणता आली असती. पण एकदा ती चाललेली दिसली असती तर पाहुण्यांच्या हाती नियंत्रक द्या हा आग्रह मला मोडता आला नसता, आणि हातात नियंत्रक आलेला माणूस वेग पूर्ण वाढवल्याशिवाय राहत नाही, हा माझा अनेक प्रदर्शनांतला अनुभव आहे. हे मी त्या वृद्ध काकांना सांगितले. ते म्हणाले, "ते तुमचं बरोबर आहे. पण मी तिला चालताना बघायला आलो होतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. समारंभ आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, रिकाम्या तलावात मी ती त्यांच्यासाठी चालवू शकलो असतो का, हाही विचार मनात येतो. पण तोपर्यंत संस्थेच्या लोकांनी नौका उचलून आत नेली होती.

ती सध्या संस्थेच्या दालनात काचेच्या पेटीत, चार टरेटसह, आयएनएस दिल्ली या नावाच्या फलकामागे ठेवलेली आहे. चौथा टरेट, स्पीकर आणि पितळी डोलकाठ्या मी स्वखर्चाने काढून देईन, मूळ डोलकाठ्या आणि शिसे परत बसवीन, आणि उरलेल्या रकमेचा विषय त्यानंतर काढू, असे पत्र मी संस्थेला लिहिले आहे. मसुदा काकांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी त्यात दोन अटी वाढवायला लावल्या: ओळंब्याची चाचणी समितीच्या सदस्यांसमोर व्हावी, आणि त्यानंतर नौका शेततळ्यात चारही पंख्यांवर पूर्ण वेगाने, वळणांसह चालवून दाखवावी. पत्राखाली माझ्या सहीशेजारी त्यांचीही सही आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे अध्यक्षांना भेटायला जाणार आहोत.