पोर्तुगीज गोड पाव आणि आईंची कणीक

तीन रविवार झाले, आमच्या घरी एकच उद्योग चाललाय, पोर्तुगीज गोड पाव. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर याला मासा सोवादा म्हणतात, आणि ईस्टरला याच पिठात उकडलेली अंडी कवचासकट खोचून भाजतात तो फोलार. मासा म्हणजे कणीक, सोवादा म्हणजे तिंबलेली. आणि पोर्तुगीजमध्ये सोवा देणं म्हणजे एखाद्याला चोप देणं, आपण नाही का म्हणत "चांगली कणीक तिंबली त्याची", अगदी तेच! हे कळल्यावर मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सगळ्यांना सांगितलं.

माझं प्रमाण असं, अर्धा किलो मैदा, 110 ग्रॅम साखर, 3 अंडी, 150 मिली कोमट दूध, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि 80 ग्रॅम बटर. बटर मात्र शेवटी घालायचं, आधी घातलं तर मैद्याला तुपकट थर बसतो आणि पिठाला ताण येत नाही.

पहिल्या रविवारी पीठ हाताला इतकं चिकटत होतं की मी मूठमूठ मैदा घालत गेले आणि पाव झाला दगड. दुसऱ्या रविवारी सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "अगं मैदा नको घालूस, पुरणपोळीची कणीक पण सुरुवातीला अशीच असते, आपट तिला." मग स्वतःच हाताला तेल लावलं, गोळा उचलला, ओट्यावर आपटला, घडी घातली, परत आपटला, असं पंधरा मिनिटं, खालच्या मजल्यावर आवाज गेला असणार. शेवटी एक लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ताणला तर तो फाटेचना, एवढा पातळ झाला की मागून त्यांच्या बोटातली अंगठी दिसायला लागली. मी बघतच राहिले.

बाकी सगळा वेळेचा खेळ. साखर पाणी ओढून घेते म्हणून यीस्ट सावकाश चालतं, आपल्या ठाण्याच्या उकाड्यातसुद्धा मला पहिल्यांदा फुगायला अडीच तास लागले. मग ओटीजीत 175 डिग्रीला 35 मिनिटं, वीस मिनिटांनी वर फॉइल टाकायचा कारण साखरेमुळे वरून लवकर काळपट होतो आणि आत कच्चा राहतो.

पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि 1737 ला मराठ्यांनी किल्ला घेईपर्यंत ठाणंही त्यांच्याच ताब्यात होतं, तो किल्ला म्हणजे आत्ताचं सेंट्रल जेल. पण मला जास्त जवळचं वाटलं ते आमच्या गल्लीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटींचं. त्यांचे फुगे खाल्लेत ना तुम्ही? मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवायला पूर्वी ताडी, पीठ हातानेच फेटायचं आणि मुठीतून पिळून गरम तेलात सोडायचं. अर्धा पाव घेऊन गेले तर त्यांनी आधी नाकाशी धरला, मग तुकडा मोडून आतली जाळी बघितली आणि विचारलं, "पीठ कुणी फेटलं?"

सासूबाईंचं नाव सांगितलं. आता शनिवारी दोघी मिळून फुगे करणार आहेत, मैदा मी आणायचाय.