"डोकं दुखतंय का?" "छे!"

पंचवटीत माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर बावीस वर्षं माझं एकच पालुपद: "काही होत असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा." आणि जुलैत, हिमाचलातल्या हामटा पास या खिंडीच्या वाटेवर गाइडनं विचारलं, "सरदर्द है?" तेव्हा मी तोंड भरून म्हणाले, "बिलकुल नहीं."

दुखत होतं. एक पॅरासिटामॉल गुपचूप पोटात गेलीही होती.

मनालीजवळच्या जोब्राहून निघून दुसरा दिवस. मुक्काम बालू का घेरा, साधारण 12,000 फूट. पास 14,000 फुटांवर, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक. दर रविवारी चामरलेणी, वर्षातून दोनदा हरिहर करणारी मी, दमाची काळजी नव्हतीच. पण तिथे प्रश्न दमाचा नसतो. हवेचा दाब उतरतो, पासवर एका श्वासात नाशिकच्या दोन तृतीयांशाएवढाच ऑक्सिजन मिळतो. त्याची सवय व्हायला शरीराला रात्री द्याव्या लागतात, मांड्या कितीही दणकट असोत. सवय झाली नसेल तर डोकं दुखतं, मळमळतं.

संध्याकाळी ऑक्सिमीटर. कोविडमध्ये हे यंत्र मी ढिगानं विकलंय. गार बोटावर आकडा कमी येतो हे पाठ, म्हणून रांगेत हात काखेत दाबून ठेवले, चार लांब श्वास घेतले आणि 89 काढले! शेजारच्या पोराचे 84. कॉपी करून पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

गाइड पंचविशीचा. जेवताना माझ्या ताटाशी थांबला. "आंटीजी, राजमा अच्छा नहीं बना?"

राजमा झकास होता, मलाच वासानं मळमळत होतं. सांगून टाकलं सगळं, गोळीसकट. रागावला नाही. लगेच आडवं होऊ दिलं नाही, तंबूभोवती हळूहळू फिरवलं, कोमट पाणी पाजलं. सकाळपर्यंत दुसरी गोळी नाही, म्हणजे खरं काय ते कळेल. दुखणं राहिलं तर खाली. पास ओलांडल्यावर माघारी यायचं म्हणजे पुन्हा तोच चढ, त्यामुळे ठरवायचं ते इथेच.

रात्रभर तंबूच्या कापडाकडे बघत पडले. पहाटे डोकं हलकं.

पासवर वारा इतका की फोटोपुरतेच थांबलो. पण पलीकडे बघून मी थबकले. मागे कुलूचं हिरवंगार, पुढे लाहौलचे उघडेबोडके तपकिरी डोंगर. इगतपुरीत धो धो आणि सिन्नरला धूळ, तसलाच प्रकार, फक्त इथे मध्ये एवढीशी खिंड.

उतार मात्र गुडघ्यांनी लक्षात ठेवलाय.

रात्री शिया गोरूच्या मुक्कामाला गाइड ऑक्सिमीटर घेऊन आला. आधी ताटात डोकावला. मी दुसऱ्यांदा भात घेत होते.