सत्तावन्नाव्या वर्षी नाक?

आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दुर्बीण आत सरकवून म्हणाले, "पडदा बराच डावीकडे वाकलाय. लहानपणी पडला होतात का?" पडले होते की! चौथीत, आजोळी, विहिरीच्या काठावर. (आईला सांगितलं नव्हतं.) म्हणजे ४७ वर्षं मी जवळजवळ एकाच नाकपुडीवर काढली.

पडदा सरळ केला की श्वास मोकळा होईल, पण बाहेरून नाक तेच राहील म्हणे. वरचा बाक काढायचा तर ते काम वेगळं. इथे मी अडखळले. खरं सांगू? श्वासापेक्षा तो बाकच जास्त सललाय. बघायला आलेल्या एका काकूंनी "मुलगी छान आहे, नाक जरा..." एवढंच म्हणून चहाचा घोट घेतला होता. ते वाक्य अजून माझ्याकडे अर्धवट पडून आहे.

ह्यांचं म्हणणं, "आधी घोरणं थांबव, मग बघू."

१७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक केलं होतं. तेही आजच्यासारखी भूल नसताना! आणि मी इथे रक्ततपासणीच्या सुईला घाबरतेय.

सोमवारी सीटी स्कॅन आहे. नंतर नथ घालता येईल का, हे विचारायचं राहूनच गेलं.