तुम्ही विचारलंत म्हणून: हॉकीवर एवढं प्रेम, मग अरीनाच्या पैशाला खळखळ का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मुलगी आइस हॉकी खेळते, घरात एडमंटनच्या ऑयलर्स टीमचे झेंडे लागलेले, प्लेऑफ सुरू झाले की आमच्याकडे दुसरा विषय नसतो, आणि तरी प्रो टीमच्या अरीनाला टॅक्सचा पैसा द्यायची गोष्ट निघाली की मी लगेच हिशेब विचारायला लागते. मग कुणीतरी म्हणतंच, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

हॉकीच्याच बाजूने. आणि पब्लिक पैसा देऊच नये असंही मी कधी म्हटलेलं नाही, उलट मला वाटतं तो द्यायलाच हवा आणि आत्ता देतात त्यापेक्षा जास्त द्यायला हवा, फक्त तो कुठल्या बर्फावर जातो एवढाच माझा मुद्दा आहे.

आम्ही कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एका छोट्या टाउनमध्ये राहतो. इथे बर्फाची एकच रिंक आहे, टाउनच्या मालकीची, टॅक्सवर चालणारी. कॅनडात अशा कितीतरी रिंक्स 1967 च्या आसपासच्या आहेत, देशाला शंभर वर्षं झाली तेव्हा जागोजागी बांधलेल्या, आणि आता त्यांची छपरं, पाइप, मशीन सगळंच म्हातारं झालंय. मुलीची प्रॅक्टिस भल्या पहाटे असते कारण बाकीचे तास फिगर स्केटिंग, मोठ्यांची लीग आणि दुसऱ्या टीम्समध्ये वाटले गेलेत. आईबापांपैकी कुणी कँटीन सांभाळतं, कुणी टाइमकीपरच्या खोक्यात बसतं, कुणी 50/50 लॉटरीची (निम्मे पैसे जिंकणाऱ्याला) तिकिटं विकतं, आणि कुणाच्या मुलाचे स्केट्स लहान झाले की ते न विचारता पुढच्या मुलाकडे जातात.

बर्फ सांभाळणारे काका आठवड्यातून कितीतरी वेळा बर्फाला ड्रिलने बारीक भोक पाडतात आणि आत पट्टी घालून जाडी बघतात. साधारण इंच-दीड इंच लागते. बर्फ जास्त जाड झाला तर कंप्रेसरला जास्त राबावं लागतं आणि विजेचं बिल चढतं, पातळ झाला तर स्केटची पाती खाली मारलेल्या पांढऱ्या रंगापर्यंत पोचतात. त्या बर्फाखाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये पाइपांचं जाळं, पाइपांतून फिरतं थंड मिठाचं पाणी, आणि ते पाणी थंड करायला मागच्या खोलीत अमोनियावर चालणारं मशीन. आमच्यासारख्या बऱ्याच जुन्या रिंक्समध्ये असंच असतं.

हे मी उगाच सांगत नाहीये. 17 ऑक्टोबर 2017 ला ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावाच्या मेमोरियल अरीनात अमोनिया गळून तीन माणसं गेली, तिघंही तिथे मशीनच्या कामावर होती. चौकशीत निघालं की गळत असलेला जुना चिलर, म्हणजे मिठाचं पाणी थंड करणारा भाग, पुन्हा चालू केला गेला होता. ती बातमी वाचल्यापासून मी टाउनच्या बजेटच्या मीटिंगला जाते, कारण चिलर बदलणं हे असं काम आहे की ज्याची रिबन कापायला कुणी येत नाही, फोटो येत नाही, आणि म्हणून ते "पुढच्या वर्षी बघू" मध्ये सहज ढकललं जातं. क्राफ्ट हॉकीव्हिल नावाची स्पर्धा 2006 पासून चालू आहे, जिंकलेल्या गावाला रिंकच्या दुरुस्तीसाठी 2.5 लाख डॉलर मिळतात, गावंच्या गावं रात्र जागून व्होटिंग करतात. मला ते बघून भरून येतं आणि त्याच वेळी रागही येतो, की मुलांच्या डोक्यावरचं छप्पर धड राहायला गावाला स्पर्धा जिंकावी लागते.

आता मोठ्या अरीनाकडे येते. एडमंटनचं रॉजर्स प्लेस 2016 मध्ये उघडलं. नुसत्या अरीनाचा खर्च 48 कोटी डॉलरच्या आसपास, आजूबाजूचं धरून 60 कोटींच्या वर. सिटीने आपल्या वाट्याचा मोठा भाग ज्या पद्धतीने उभा केला ती समजून घेण्यासारखी आहे: डाउनटाउनचा एक पट्टा आखायचा, तिथे पुढे नव्या बिल्डिंगमुळे जो जास्तीचा प्रॉपर्टी टॅक्स येईल तो बाजूला काढायचा आणि त्यातून कर्ज फेडायचं. शिवाय तिकिटावर फी. कागदावर असं दिसतं की कुणाच्याच खिशातून काही गेलं नाही. पण त्या बिल्डिंग अरीना नसता तर शहरात दुसरीकडे कुठे उभ्या राहिल्याच नसत्या का? राहिल्या असत्या तर तो टॅक्स रस्ते, बस, लायब्ररी सगळ्यांच्या वाट्याला आला असता. बिल्डिंग सिटीच्या मालकीची आणि आतली कमाई टीमच्या कंपनीची, असा तो करार आहे. मी तिथे मॅच बघितलीय, जागा खरंच सुंदर आहे, आणि शेजारी जोडून सार्वजनिक वापराची एक कम्युनिटी रिंकसुद्धा बांधलीय, त्या रिंकचं श्रेय मी मनापासून देते.

कॅल्गरीचं तर रामायणच झालं. तिथल्या फ्लेम्स टीमचा अरीना सॅडलडोम 1983 चा, 2013 च्या पुरात आत खुर्च्यांच्या रांगा बुडेपर्यंत पाणी. मग 2015 ला एक प्लॅन आला आणि बारगळला, 2019 ला निम्मा-निम्मा खर्च वाटून घ्यायचा करार झाला, तो डिसेंबर 2021 मध्ये मोडला, आणि मोडला कशावरून तर सोलर पॅनल आणि रस्ते-फुटपाथ यांच्या वाढीव खर्चावरून. मग एप्रिल 2023 मध्ये, म्हणजे प्रांताची निवडणूक तोंडावर असताना, नवा करार जाहीर झाला. सगळा मिळून प्रकल्प 120 कोटी डॉलरच्या घरात. सिटीचे 53 कोटींवर, प्रांताचे 33 कोटींपर्यंत, टीमचे सुरुवातीला 4 कोटी आणि मग वर्षाला 1.7 कोटी, दर साल एक टक्का वाढवत 35 वर्षं. आधीच्या करारापेक्षा लोकांच्या अंगावर जास्त आलं हे सरळ दिसतं. यातही 1,000 सीट्सची कम्युनिटी रिंक आहे, ती मला आवडली. पण एवढा मोठा आकडा लोकांसमोर आला तो सगळं ठरून झाल्यावर, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

"पण शहराला फायदा होतो ना, हॉटेलं चालतात, नोकऱ्या येतात?" हेही हमखास विचारतात. यावर अर्थशास्त्राच्या लोकांनी तीसेक वर्षं अभ्यास केलाय आणि त्यांच्यात इतकं एकमत क्वचितच कशावर होत असेल: स्टेडियम-अरीनामुळे शहराच्या उत्पन्नात फारशी भर पडत नाही, सबसिडी भरून येईल एवढी तर नाहीच. कारण सोपं आहे. घरातलं मौजमजेचं बजेट तेवढंच असतं, मॅचला गेलो तर त्या आठवड्यात सिनेमा नाही, बाहेर जेवण नाही, म्हणजे पैसा शहरातल्या एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात गेला. त्यात खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग शहराबाहेर जातो. आणि रेग्युलर सीझनमध्ये घरच्या मॅच 41-42, कॉन्सर्ट वगैरे धरले तरी बरेच दिवस आजूबाजूचा भाग शांतच असतो. डेट्रॉइटचा अरीना 2017 ला उघडला तेव्हा 30 कोटी डॉलरच्या वर पब्लिक पैसा लागला होता, भोवती घरं, दुकानं, अख्खा नवा परिसर उभा राहणार म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं पार्किंगच राहिला.

मग लोक म्हणतात, ताई सगळंच पैशात मोजायचं का, टीम म्हणजे शहराचा अभिमान असतो. अगदी मान्य. हॉकी मी पैशासाठी बघतच नाही. विनिपेगची जेट्स टीम जाणार म्हटल्यावर 1995 मध्ये लहान मुलांनी आपले गल्ले फोडून पैसे आणून दिले होते, हजारो माणसं रॅलीला जमली, तरी 1996 ला टीम गेलीच. 2011 ला शहराला पुन्हा टीम मिळाली तेव्हा 13,000 सीझन तिकिटांचं टार्गेट होतं, सगळ्यांसाठी विक्री उघडल्यावर उरलेली तिकिटं मिनिटांत संपली. क्वेबेक सिटीत 2010 साली हजारो लोक निळे कपडे घालून मैदानावर जमले, आम्हाला आमची टीम परत द्या म्हणून. प्रांताने आणि सिटीने मिळून जवळपास 37 कोटींचा अरीना बांधला, 2015 ला उघडला, 18,000 च्या वर सीट्स, आणि एनएचएलची (वरच्या प्रो लीगची) टीम अजून आलेली नाही. पुढे 2023 मध्ये तर लॉस एंजेलिस किंग्जने तिथे सीझनच्या आधीच्या दोन मॅच खेळाव्यात म्हणून सरकारने 50 ते 70 लाख डॉलर देऊ केले, आणि जे लोक निळे कपडे घालून जमले होते त्याच प्रांतातले लोक भयंकर चिडले.

मला या चिडण्यातच सगळं दिसतं. लोकांचं टीमवर प्रेम आहे म्हणजे त्यांनी बिलावर सही केली असं होत नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर नेमकं तेच गृहीत धरलं जातं. पिट्सबर्गमध्ये संशोधकांनी लोकांनाच विचारलं होतं की पेंग्विन्स ही हॉकी टीम शहरात राहावी म्हणून तुम्ही किती टॅक्स द्याल, तो अभ्यास 2001 साली छापून आला. लोकांनी काहीतरी देऊ असं म्हटलं, प्रेम खोटं नव्हतंच, पण सगळ्यांची बेरीज नव्या अरीनाच्या खर्चाच्या आसपाससुद्धा पोचली नाही. आणि कॅनडातलंच उदाहरण घ्या, जानेवारी 2000 मध्ये केंद्राचे मंत्री जॉन मॅनली यांनी कॅनडातल्या एनएचएल टीम्सना मदत जाहीर केली, देशभरातून इतकी ओरड झाली की तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. हॉकीवेड्या देशात! हीच माणसं शनिवारी रात्री मॅच लावून बसणारी होती.

नाही म्हटलं तर टीम जाते, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. ॲरिझोनात ग्लेनडेलने 2003 च्या अरीनात 18 कोटी डॉलर घातले, पुढे 2009 ला तिथे खेळणारी कोयोटीज टीम दिवाळखोरीत गेल्यावर टीम टिकावी म्हणून दोन सीझन वर्षाला 2.5 कोटी वेगळे मोजले. त्याच परिसरातल्या टेंपीमध्ये मे 2023 ला कोयोटीजच्याच नव्या अरीनाच्या प्रस्तावावर मतदान झालं, लोकांनी नको म्हटलं, आणि वर्षभरात खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. तिथे एक लहान मुलगी असेल जिची आवडती टीम गेली, तिच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं. पण टेंपीच्या लोकांना विचारलं तरी गेलं, आकडे समोर ठेवून, मतपेटीतून. दुसऱ्या बाजूला सिएटलने प्रो टीम्सच्या सबसिडीला 2006 मध्ये मतदानानेच लगाम घातला, आणि तिथे 2021 साली 100 कोटींवर खर्चाचा अरीना मुख्यतः खाजगी पैशातून उभा राहिला आणि टीमही आली. प्रत्येक गावात असं होईल असं नाही, सिएटल श्रीमंत शहर आहे. तरी "पब्लिक पैशाशिवाय होतच नाही" हे वाक्य आता माझ्यासमोर कुणी टाकलं तर मी ऐकून घेत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं थोडक्यात असं नाही की देऊ नका, तर आधी कुठे आणि कुठल्या अटीवर. आधी गावोगावचे चिलर, छपरं, मुलींच्या टीम्ससाठी वेगळ्या चेंजिंग रूम, कारण मुली खेळायला लागल्या आणि या रिंक्स बांधल्या तेव्हा त्यांचा विचारच कुणी केला नव्हता, आमच्या मुली अजून एका स्टोअररूममध्ये कपडे बदलतात. मग मोठा अरीना हवाच असेल तर करार सही व्हायच्या आधी महिनाभर तरी पूर्ण उघडा ठेवा, खर्च वाढला तर कोण भरणार ते आकड्यात लिहा, टीम मुदतीआधी गेली तर किती परत देणार ते लिहा, नावाचे हक्क आणि कॉन्सर्टच्या कमाईत मालक म्हणून सिटीचा वाटा ठेवा, आणि कम्युनिटी रिंकचे संध्याकाळचे किती तास मुलांना मिळणार तेही त्याच कागदावर येऊ द्या. एवढं सगळं असेल आणि लोक मतदानात हो म्हणाले, तर माझ्या टॅक्समधले पैसे मी आनंदाने देईन आणि पहिल्या मॅचला मुलीला घेऊन जाईन.

आणि ज्यांना हे सगळं वाचून वाटलं की आपल्या गावात काय चाललंय ते बघावं, त्यांनी टाउनच्या बजेटमध्ये रिंकच्या नावापुढे "रिफ्रिजरेशन" असा खर्च कुठल्या वर्षात टाकलाय ते शोधा, आणि तो गेल्या वर्षीच्या बजेटमध्ये कुठल्या वर्षात होता तेही शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे तो पुढे सरकलेला दिसला तेव्हा आम्ही काही आया मिळून मीटिंगला गेलो, प्रश्न विचारले, आणि काम परत ह्या वर्षात आलं. पुढची सुनावणी महिनाअखेर आहे, चेंजिंग रूमचा विषय आहे, टाउनमधल्या कुणाला यायचं असेल तर मला कळवा, एकत्रच जाऊ.