टाकीतलं पाणी

हवेच्या कॉम्प्रेसरचा ड्रेन कॉक, म्हणजे टाकीतलं पाणी काढायची तोटी, उघडला आणि टाकीतून चहासारखं तांबडं पाणी आलं. बादली अर्धी झाली तरी थांबेना.

हा कॉम्प्रेसर भोसरीतून जुना आणला होता. २ एचपी, १०० लिटरची टाकी, नवा कोरा निळा रंग. मोटर बंद झाली की प्रेशर स्विचपाशी (दाब पुरेसा झाला की मोटर बंद करणारा स्विच) हवा सुसू करत राहायची. टाकीतली हवा मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून साफ केला, आतलं रबर बदललं, आवाज थांबला. त्या आनंदात पाण्याकडे माझं लक्षच नव्हतं.

शेजारचे फिटर काका आले. त्यांनी बादलीत बोट बुडवून गंजाचा चुरा चिमटीत घेतला आणि म्हणाले, "हा पत्राच आहे. टाकीचाच. आता हवा भरू नका, आधी पाणी भरा."

टाकी काठोकाठ पाण्याने भरून हातपंपाने दाब द्यायचा. ८ किलो दाबावर (दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो) चालवायची असेल तर १२ किलोपर्यंत. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी नुसती धार लागते. तीच टाकी हवेवर फाटली तर बॉम्बसारखी फुटते.

९ किलोलाच तळाच्या शिवणीजवळ बारीक धार लागली.

वेल्डिंग करू का, विचारलं. काका नाही म्हणाले. मग ग्राइंडरने टाकीला मोठं भोक पाडलं, म्हणजे पुन्हा कुणी रंग लावून विकायला नको. हेड (हवा दाबणारा पंप) आणि मोटर ठेवली आहे.

माझी मुलगी रोज कॉम्प्रेसर होता त्याच कोपऱ्यात बसून लाकडाला पॉलिश पेपर मारते. तुमच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी शेवटचं कधी काढलंत?