दोरीऐवजी ड्रिल : होडीचे इंजिन सुरू करण्याचा माझा अनुभव

उजवा खांदा आखडल्यापासून माझ्या होडीचे ९.९ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन दोरी ओढून सुरू करणे मला जमेनासे झाले. सेल्फ स्टार्ट बसवायचा, तर मोटर, बॅटरी आणि वायरिंग यांचा खर्च व वजन कर्लीच्या खाडीत गळाने मासे धरण्यापुरत्या होडीला झेपणारे नव्हते. म्हणून घरात असलेले १८ व्होल्टचे कॉर्डलेस ड्रिल कामी येते का, हे पाहायचे ठरवले.

स्टार्टरचे झाकण तीन बोल्ट काढले की निघते आणि खाली फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या, मधोमध मोठा नट दिसतो. ड्रिलला सॉकेट (नटावर बसणारी वाटी) लावून तो नट फिरवला की इंजिन फिरते. वरून पाहिल्यास हे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, ड्रिलही सुलट चालवल्यास त्याच दिशेने फिरते आणि नटाचे आटे उजवे असल्यामुळे तो सैल होत नाही. खरी अडचण इंजिन पेटल्यानंतरची आहे. पहिल्या गिअरमध्ये ड्रिल मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते, तर पेटलेले इंजिन क्षणात त्याच्या पुढे जाते. अशा वेळी सॉकेट नटावर अडकून राहिले, तर ड्रिल हातातून हिसकले जाऊन मनगट पिरगळते आणि मागे खेचणाऱ्या ड्रिलमुळे तोच नट सुटू लागतो.

यावर उपाय सायकलच्या फ्री-व्हीलसारखा आहे. एकाच दिशेने पकड घेणारे बेअरिंग घालून कुडाळच्या एका लेथवाल्याकडून मी ड्रिल आणि सॉकेट यांच्यामधला दांडा बनवून घेतला. ‘इम्पॅक्ट रेंच वापरा, जोर जास्त असतो,’ असे त्याने सुचवले होते. परंतु ठोके देत नट फिरवणाऱ्या त्या हत्याराने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो, म्हणून मी ड्रिलवरच ठाम राहिलो.

पहिली चाचणी इंजिनाचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून घेतली, कारण कोरडे चालवल्यास इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक) जळते. ड्रिलचे बाजूचे हँडल घट्ट धरून, चोक ओढून बटण दाबले. इंजिन पेटले, दांडा नुसता सुळकन सुटा फिरू लागला आणि मी तो वर उचलून घेतला. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडू लागल्यावरच जिवात जीव आला.

झाकण काढल्यामुळे इंजिन गिअरमध्ये असताना सुरू होऊ न देणारी सोयही निकामी होते, हे मात्र मनात पक्के ठेवावे लागते. न्यूट्रल आहे का, हे मी होडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून पाहतो, इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवतो आणि उघड्या फ्लायव्हीलजवळ गमछा येऊ देत नाही. पेट्रोलचा वास येत असेल, तर ड्रिलला हात लावत नाही, कारण त्याच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात. फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळायची सुटी दोरी आजही हत्यारांच्या डब्यात आहे. ड्रिलची बॅटरी उतरली, तर ती दोरी ओढायला सोबतचा पुतण्या असतो.