रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी गोळी बंद केली

गेल्या वर्षी जुलैमध्ये यजमानांची रक्ततपासणी करायची म्हणून आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये गेलो होतो. पती-पत्नींनी एकत्र तपासणी केली तर सवलत मिळते, एवढ्याच कारणाने मीही दंड पुढे केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले, तेव्हा दर बुधवारी आणि रविवारी तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवणारे यजमान निर्दोष सुटले होते. आठवड्यातले चार वार पाळणाऱ्या माझे एकूण कोलेस्टेरॉल मात्र २३२, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, २१०, चांगले म्हणतात ते एचडीएल जेमतेम ३८ आणि वाईट म्हणतात ते एलडीएल १५२ होते. माझे वय तेव्हा पन्नास होते. कोलेस्टेरॉल हे पुरुषांचे आणि तेही खाणाऱ्या-पिणाऱ्या पुरुषांचे दुखणे, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइडची तपासणी करून घेतली, कारण थायरॉइड मंदावले तरी कोलेस्टेरॉल वाढते. तो रिपोर्ट ठीक आला. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पाळी कधी थांबली, आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का? पाळी दोन वर्षांपूर्वी थांबली होती आणि माझे वडील चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते आणि एलडीएल वर चढते, आणि वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हा आजार झाला असेल तर तो धोक्यात धरतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवूनही कळले नव्हते, हेही लिहून ठेवते.

खाण्याचा हिशेब निघाला तेव्हा माझी जास्त पंचाईत झाली. तिखट सोसत नाही म्हणून मी कायम पांढरा रस्सा घेत आले, आणि तो सौम्य, म्हणून निरुपद्रवी, असे धरून चालले. त्यात मटणाच्या आळणीबरोबर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याबरोबर, नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस हे सगळे असते. नारळात कोलेस्टेरॉल नसते हे खरे, पण संपृक्त चरबी भरपूर असते, आणि रक्तातले एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता ती चरबी कमी करते. बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो, त्यामुळे 'मी तर अंडेसुद्धा खात नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. उपवासाच्या साबुदाण्याने ट्रायग्लिसराइडला हातभार लावला असणार, असेही डॉक्टर म्हणाले. देवीच्या गावात राहून उपवासावर बोट ठेवलेले मला आवडले नाही.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगते. रविवारची उरलेली आळणी पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवली होती. सकाळी झाकण काढले तर वर पांढरट, घट्ट थर बसला होता; चमच्याच्या टोकाने टोचल्यावर त्याची अखंड चकतीच उचलली गेली. तेव्हापासून आमच्याकडे आळणी आदल्या रात्री शिजते आणि रस्सा दुसऱ्या दिवशी, थर काढून होतो. यजमानांना चवीत फरक जाणवतो. मला जाणवत नाही.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची छोट्या मात्रेची गोळी, रोज रात्री एक अशी, सुरू केली. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून या औषधाचा पहिला नमुना शोधला, हे वाचल्यावर 'केमिकल' या शब्दाची माझी भीती थोडी कमी झाली. तीन महिन्यांनी, ऐन नवरात्राच्या तोंडावर, एलडीएल ९२ वर आले. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. जाऊबाईंनी लसूण-लिंबाचा काढा सुचवला, शेजारणीने गोळीने लिव्हर जाते असे सांगितले, आणि मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे आजार गेला, असा माझा सरळ हिशेब होता.

जानेवारीत पुन्हा रक्त दिले. एलडीएल १४९. डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले, पेनाने दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये रेघ ओढली आणि विचारले, "बाई, या दोन तारखांच्या मधे काय झालं?" मी खोटे बोलू शकले नाही. ही गोळी यकृतातला कोलेस्टेरॉल बनवणारा एन्झाइम रोखून धरते, म्हणून यकृत रक्तातले एलडीएल अधिक उचलू लागते. गोळी थांबली की एन्झाइम मोकळा होतो आणि काही आठवड्यांत आकडा मूळ जागी येतो. म्हणजे ९२ हा आकडा माझा नव्हता, गोळी घेणाऱ्या माझा होता. लिव्हरची शंका त्यांनी उडवून लावली नाही. यकृताची एसजीपीटी ही रक्ततपासणी केली, ती व्यवस्थित निघाली. पोटऱ्या किंवा मांड्या विनाकारण दुखू लागल्या तर गोळी परस्पर न थांबवता फोन करायचा, असे ठरले.

आता गोळीही आहे आणि बाकीचेही आहे. जेवणात ज्वारीची भाकरी, घेवडा, हुलग्याचे माडगे. लोणचे-पापड सणापुरते, कारण रक्तदाबही १३८ पर्यंत गेला होता. सकाळी पाऊण तास रंकाळ्याच्या काठाने चालते. आमच्या चालण्याच्या गटातल्या चौघीजणी फेरी संपली की कट मारलेली मिसळ खातात आणि मला हाक मारतात. महिन्यातून एकदा मी जाते, कट वेगळ्या वाटीत मागते आणि तो जवळजवळ संपवते.

थोरल्या मुलीचे वय सव्वीस आहे. आजोबांचे वय आणि माझे आकडे तिला सांगितले, तेव्हा तिने फोनवरून विचारले, "आई, मग माझं कधी तपासायचं?" गणपतीला ती येईल, तेव्हा दोघींचे रक्त एकाच दिवशी द्यायचे ठरले आहे. सवलत याही वेळी मिळते का, ते विचारायला हवे.